सोसायटीमागच्या दोन गुंठ्यांत सामुदायिक भाजीबाग केली, तर शेजारच्या वस्तीतल्या कुटुंबांच्या जेवणाला खरंच हातभार लागेल का?

लागेल, पण भाजीपुरता. धान्याचं नावच काढू नका. आपल्या देशात तांदळाचं सरासरी उत्पादन हेक्टरी पावणेतीन टनांच्या आसपास, म्हणजे गुंठ्याला सत्तावीस-अठ्ठावीस किलो. दोन्ही गुंठ्यांत भात लावलात तरी एका माणसाचं वर्षाचं रेशनसुद्धा (2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार महिना 5 किलो) निघणार नाही.

पालेभाजीचं गणित वेगळं. पावसाळ्यात मेथीची जुडी महागली की हातावर पोट असलेल्या घरात आधी तीच बंद होते. तुमच्या जागेत पालक, माठ, अंबाडी, चुका लावा. महिना-सव्वा महिन्यात काढणीला येतात. पालक मुळासकट उपटू न देता खुडायला सांगा, पुन्हा फुटतो. कुंपणाशी दोन शेवगे लावा. शेंगा कुणीही नेतं, पाल्याची भाजी मात्र वस्तीतल्या बायकाच आवडीने करतात, असा आमच्या पुण्यातल्या सोसायटीचा अनुभव.

या विषयात क्यूबाची राजधानी हवानाचा दाखला सगळेच देतात. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला, क्यूबाला मिळणारं स्वस्त तेल आणि खतं आटली, तेव्हा तिथे पडीक जागांत, अगदी काँक्रीटवरही कंपोस्ट भरून वाफे केले गेले. ताजी भाजी शहरातच पिकू लागली, हे खरं. पण गहू-तांदूळ ते आजही मोठ्या प्रमाणात बाहेरूनच आणतात. शिवाय जमीन सरकारने कसायला दिली होती. आपल्याकडच्या भाषणांत नेमका हाच भाग गाळला जातो! जागा कुणाच्या ताब्यात, यावर निम्मी बाग अवलंबून असते. म्हणून सोसायटीकडून निदान तीन वर्षांचा लेखी ठराव घ्या आणि वाफे वस्तीतल्या घरांच्या नावाने वाटून द्या. नाहीतर ती सोसायटीतल्या हौशी मंडळींचीच बाग होईल.

खताला खर्च नको. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळझाडं वाढवली होती, शेतीत प्रयोग करणाऱ्या कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या पद्धतीने. शेण, गोमूत्र, गूळ पाण्यात कालवून त्यात वाळका पाला दिवसभर भिजवायचा आणि मातीच्या पातळ थरांबरोबर रचायचा. पुढे गच्चीवर गेलात तर हेच मिश्रण वापरा. नुसती ओली माती घनफुटाला पन्नास किलोच्या घरात जाते, एवढा भार गच्चीवर नको.

पाण्याची मात्र काळजी घ्या. मुंबईत रेल्वे रुळांलगतचा पालक नाल्याच्या सांडपाण्यावर पोसला जायचा म्हणून किती ओरड झाली, ते ठाऊक असेलच. भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालेल, गटाराचं अजिबात नको. आणि मे महिन्यात निम्मी माणसं गावाला गेल्यावर पाणी कोण घालणार, ते बियाणं आणण्याआधी ठरवा. आम्ही ती पाळी वॉचमनकाकांना पगार देऊन लावली आहे.