वाचक विचारतात : निर्वासितांना परत पाठवता येतं का?

प्रश्न : ताई, आमचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून आले, देवळालीच्या छावणीत राहिले, तिकडच्या घराची किल्ली अजून आमच्या कपाटात आहे. टीव्हीवर 'निर्वासितांना परत पाठवा' ऐकलं की पोटात गोळा येतो. जबरदस्तीने पाठवता येतं का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : दादा, किल्लीचं वाचून मी थोडा वेळ थांबलेच. हे बघा, १९५१च्या निर्वासित करारातलं ३३वं कलम सांगतं की जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलायचं नाही, पण भारताने त्या करारावर सहीच केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा पण नाही, त्यामुळे बरंचसं सरकार ठरवेल तसं चालतं, आणि मला हे मनापासून खटकतं. स्वतःच्या मर्जीने, सुरक्षितपणे गेले तरच ते खरं परतणं. नाहीतर आहे तिथेच रुजायचं, तुमच्या आजोबांसारखं, किंवा तिसऱ्या देशात पुनर्वसन. भूतानमधून बाहेर पडावं लागलेले नेपाळीभाषक नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षं अडकले होते, २००७पासून त्यातले १ लाखाहून जास्त लोक परदेशात वसले, बहुतेक अमेरिकेत. पण ही संधी जगात फारच थोड्यांना मिळते, दरवर्षी १ टक्क्यालासुद्धा नाही. आजोबांचे छावणीतले कागद असतील तर किल्लीसोबत जपून ठेवा, प्लीज.