नोंदणी झाली, पण लसीचा स्लॉट मिळत नाही. काय करावं?

तुमचं म्हणणं असं: लसीकरण टप्प्याटप्प्याने सुरू झालंय, आई ज्येष्ठांच्या गटात बसते, नोंदणी केली, तरी स्लॉट मिळत नाही, आणि तुमचा नंबर कधी लागणार याचाही पत्ता नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. नोंदणी म्हणजे स्लॉट नव्हे. नोंदणीने तुमचं नाव यंत्रणेत जातं, बस. केंद्र, तारीख आणि वेळ वेगळी घ्यावी लागते, आणि केंद्राच्या हातात जेवढा साठा असतो तेवढेच स्लॉट उघडतात. म्हणून दिवसभर पान रिफ्रेश करत बसण्यात अर्थ नाही. साठा कोणत्या दिवशी येतो आणि स्लॉट किती वाजता टाकतात, हे केंद्रावर विचारून घ्या. आईची सगळी माहिती आधीच भरून ठेवा. ओटीपी यायला वेळ लागला तरी स्लॉट निसटतो. रद्द झालेले स्लॉट अधूनमधून परत दिसतात, तेव्हा आदल्या संध्याकाळीही एकदा बघा.

आता कुपीचं गणित, कारण बरीचशी चिडचिड इथेच होते. अनेक लसींच्या कुपीत एकापेक्षा जास्त डोस असतात आणि कुपी उघडली की घड्याळ सुरू होतं. कोविडच्या वेळी फायझरच्या जांभळ्या टोपणाच्या कुपीत 1.8 मिली सलाइन मिसळून 0.3 मिलीचे सहा डोस निघत, आणि मिसळल्यापासून 6 तासांत ते वापरावे लागत, उरलेलं फेकायचं. गोवराच्या लसीची कुपीही पातळ केल्यावर 6 तासांपलीकडे चालत नाही. त्यामुळे सत्र संपायला अर्धा तास उरलाय आणि रांगेत दोघंच आहेत, तर सिस्टर नवी कुपी उघडायला कां-कूं करतात. त्यात आडमुठेपणा नसतो, डोस वाया जाण्याची धास्ती असते. म्हणून स्लॉट असेल तर सुरुवातीच्या वेळेतच जा. उलट, उघडलेल्या कुपीत दोन डोस उरले आणि माणसं आली नाहीत, तर केंद्र कोणाला तरी बोलावतं. शिल्लक डोससाठी प्रतीक्षायादी ठेवता का, हे सरळ विचारा. नाव दिलंत तर फोन आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पोचता आलं पाहिजे, नाहीतर पुढच्याला फोन जातो.

कागदपत्रांत अडकणारे खूप असतात. नोंदणीत जे ओळखपत्र दिलं तेच न्या, झेरॉक्सबरोबर मूळही. वयाची अट असेल तर वय कोणत्या तारखेला मोजायचं हे नियमात लिहिलेलं असतं, ते वाचा. सहव्याधीच्या (म्हणजे आधीपासून दुसरा आजार असलेल्यांच्या) गटातून जायचं असेल तर नुसतं औषधांचं प्रिस्क्रिप्शन पुरेलच असं नाही. ठरवून दिलेल्या नमुन्यात डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक मागतात. तुम्ही स्वतः कामामुळे एखाद्या प्राधान्य गटात येत असाल तर कार्यालयाचं पत्र चालतं का तेही पाहा. घरी पडून असलेल्या माणसासाठी वेगळी सोय असू शकते, पण ती मागावी लागते.

केंद्रावर सैल बाह्यांचे कपडे घालून जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचण्याआधी सांगा. सुईची जागा किमान दोन मिनिटं दाबून धरायची, चोळायची नाही. नंतर 15 मिनिटं तिथेच बसायचं. पूर्वी एखाद्या इंजेक्शनची तीव्र अ‍ॅलर्जी आली असेल तर 30. अंगात चांगला ताप असेल तर त्या दिवशी स्लॉट बदललेला बरा.

निघण्याआधी नोंद तपासा: नावाचं स्पेलिंग, लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख. दुसऱ्या डोसला वेगळा मोबाइल नंबर किंवा वेगळं ओळखपत्र दिलं की यंत्रणा दोन वेगळी माणसं समजते आणि प्रमाणपत्रावर दोन्हीकडे पहिलाच डोस दिसतो. ते दुरुस्त करणं म्हणजे हेलपाटे.

दुसरा डोस लांबला म्हणून घाबरू नका. सहसा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, मिळेल तेव्हा घ्यायचा. ठरलेल्या अंतराच्या आधी मात्र घेऊ नका, तो धरला न जाण्याची शक्यता असते. आणि ‘स्लॉट पक्का करतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ कट करा.