कॅथलिक नाही ना, मग प्रोटेस्टंट

प्रश्न : धर्म हाच ज्याच्या राष्ट्रीयत्वाचा पाया होता, अशा एखाद्या समाजाने तो पाया बदलला आहे का? आणि धर्म बाजूला झाल्यावर माणसांना एकत्र धरून ठेवतं ते काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बदलला आहे. मी गेली अनेक वर्षं राहते त्या कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने.

आम्ही 1996 मध्ये माँट्रियलला आलो. मोठ्याचं नाव शाळेत घालायला गेले, तर पहिलाच प्रश्न : शाळेचं मंडळ कॅथलिक की प्रोटेस्टंट? म्हटलं, आम्ही हिंदू. टेबलामागच्या बाई सहज म्हणाल्या, "कॅथलिक नाही ना, मग प्रोटेस्टंट." सरकारी पैशाच्या शाळा तेव्हा या दोनच खणांत होत्या. दोन वर्षांनी, 1998 मध्ये, मंडळांची वाटणी भाषेवर झाली : फ्रेंच आणि इंग्रजी. धाकटीच्या वेळी धर्माचं कुणी विचारलं नाही. आईवडिलांपैकी कुणी कॅनडात इंग्रजी माध्यमात शिकलंय का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर फ्रेंच शाळा. तसा 1977 चा कायदाच आहे.

हे असं का झालं, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1763 च्या तहाने फ्रान्सने हा मुलूख इंग्रजांना सोडला. फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांना आधार उरला तो चर्चचा. शाळा पाद्र्यांच्या, दवाखाने नन्सचे, जन्माची नोंदही बहुतेकांची चर्चच्या वहीत. ती पद्धत तर थेट 1994 पर्यंत चालली. 'भाषा ही श्रद्धेची राखणदार' असं तेव्हा म्हणत. शेजारच्या मादाम बारा भावंडांतल्या. त्या सांगतात, घरात वर्षभर पाळणा हलला नाही की पाद्री येऊन आईला जाब विचारायचा. हे सांगताना आजही त्यांचा आवाज चढतो.

1960 मध्ये जाँ लसाज यांचं सरकार आलं आणि वारं फिरलं. 1964 मध्ये शिक्षण खातं चर्चकडून सरकारकडे आलं. चर्चमधली गर्दी एका पिढीत ओसरली. स्वतःला 'फ्रेंच कॅनेडियन' म्हणवणारे 'केबेक्वा', म्हणजे क्वेबेकचे, म्हणवू लागले. 24 जून हा संत जॉनचा सण. मिरवणुकीत कुरळ्या केसांचा मुलगा कोकरू घेऊन बसायचा. 1977 मध्ये सरकारने तोच दिवस राष्ट्रीय सण ठरवला. आता त्या दिवशी निळे झेंडे आणि फ्रेंच गाणी. झेंड्यावरचा पांढरा क्रॉस मात्र तसाच आहे. शिव्याही चर्चमधल्याच : बर्फ उपसताना फावडं मोडलं की मादाम 'ताबारनाक' म्हणतात. ती वेदीवरची पवित्र पेटी.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, माझ्या मते, भाषा. इंग्रजी बोलणाऱ्यांत आपण बुडून जाऊ ही इथल्या फ्रेंच लोकांची भीती जुनीच होती. आधी तिने चर्चचा हात धरला होता, मग भाषेचा. आणि मी मनापासून सांगते, आमच्यासारख्यांना हा पाया जास्त मोकळा वाटला. कॅथलिक होणं मला जमलं नसतं. फ्रेंच मी रात्रीच्या वर्गात जाऊन शिकले.

पण 2019 मध्ये आणखी एक पायरी चढली गेली आणि ती मला खुपते. त्या वर्षीच्या कायद्याने सरकारी शाळेतल्या शिक्षकांना, पोलिसांना कामावर असताना धार्मिक चिन्ह घालायला बंदी आली. आधीपासून त्या पदावर असलेल्यांना तेवढी सूट. त्याच उन्हाळ्यात विधानसभेत अध्यक्षांच्या खुर्चीवर 1936 पासून टांगलेला क्रूसही उतरवला, हे खरं. पण भिंतीवरचा क्रूस उतरवणं वेगळं आणि माणसाच्या डोक्यावरचं वस्त्र उतरवायला लावणं वेगळं. धाकटीची वर्गमैत्रीण माँट्रियलमध्येच जन्मली, हिजाब घालते, शिक्षिका व्हायला शिकली. तिचं फ्रेंच माझ्या मुलीपेक्षा सरस. भाषा हाच पाया असेल तर ती पूर्ण केबेक्वा आहे. इथे तिला सरकारी शाळेत नोकरी धरता येईना. आता ती नदीपलीकडे ओटावात, ओंटारियो प्रांतात, मुलांना फ्रेंच शिकवते.