आयर्लंडमधल्या गॉलवे काउंटीचा (जिल्ह्याचा) विजेता हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) क्लब प्रांतीय स्पर्धा न खेळता थेट अखिल-आयर्लंड उपांत्य फेरीत कसा पोहोचतो?

कारण गॉलवे ज्या कॉनॉक्ट प्रांतात येतं, तिथे सीनियर (सर्वोच्च) दर्जाचं क्लब हर्लिंग फक्त गॉलवे काउंटीतच आहे, त्यामुळे तिथे आता सीनियर प्रांतीय स्पर्धा होत नाही आणि गॉलवेचा विजेताच कॉनॉक्टचा प्रतिनिधी ठरतो. मन्स्टर प्रांतात कॉर्क, टिपरेरी, लिमरिक, क्लेअर आणि वॉटरफर्ड या पाच काउंट्यांचे विजेते आधी आपसांत झुंजतात. लेन्स्टर आणि अल्स्टर या प्रांतांनाही अशी चाळणी आहेच.

यात गॉलवेला फुकटचा फायदा मिळतो, असं मला वाटत नाही. काउंटीची अंतिम लढत संपल्यावर त्यांना कित्येक आठवडे खऱ्या सामन्याशिवाय काढावे लागतात आणि मग समोर येतो प्रांत जिंकून तापलेला संघ. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये गॉलवेच्या सेंट थॉमस क्लबने मन्स्टर विजेत्या बॅलीगनरला पेनल्टीवर हरवलं आणि जानेवारी २०२४ मध्ये किलकेनीच्या ओ'लॉफलिन गेल्सवर एका गुणाने मात करून अखिल-आयर्लंड विजेतेपद पटकावलं. फार जिगरबाज संघ!

एक लक्षात ठेवा: हे फक्त क्लबांपुरतं आहे. गॉलवेचा काउंटी संघ २००९ पासून लेन्स्टरच्या स्पर्धेत खेळतो.