‘सेल्समध्ये फ्रेशरला घेतच नाहीत’: पॅकहाउसमधल्या ऋतुजाची गोष्ट

“मॅडम, कॉर्पोरेट सेल्समध्ये जायचंय. पण जो तो दोन वर्षांचा अनुभव मागतो. आणि जे मागत नाहीत ते पगारच देत नाहीत, नुसतं कमिशन.” नाशिकच्या माझ्या करिअर समुपदेशन केंद्रात पदवी हातात येऊन वर्ष-दीड वर्ष झालेली मुलं-मुली येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने हेच असतं. गाऱ्हाणं खोटं नाही. जाहिराती खरंच तशा असतात. पण त्यातून वाट कशी निघते ते ऋतुजाच्या उदाहरणावरून सांगते. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत आणि तिची परवानगी घेतली आहे.

ऋतुजा पिंपळगाव बसवंतच्या बाजूची, बी.कॉम. झालेली. सोबत वडील आले होते. तिने वहीत कुठे कुठे अर्ज केले ते नीट लिहून आणलं होतं. बँकेची क्रेडिट कार्डं, विमा, ऑनलाइन कोर्स, पुण्यातले फ्लॅट, कुठलंसं सॉफ्टवेअर. समोर रकाना होता ‘उत्तर’, आणि तो जवळजवळ रिकामा. एका ठिकाणी मात्र तिला लगेच बोलावलं होतं. तिथे हॉलभर मुलं, स्टेजवर टाय लावलेला माणूस, आणि शेवटी ‘स्टार्टर किट’चे साडेसात हजार भरा म्हणून आग्रह. ती उठून आली. वडील म्हणाले, “तेवढी अक्कल आहे पोरीला.”

हे आधी निकालात काढते. नोकरी देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही. किट, नोंदणी, ट्रेनिंग, काहीही नाव असो, पैसे मागितले की उठायचं. माणसं जोडत गेलात की पैसा, अशी रचना असेल तर तिच्यावर केंद्र सरकारने २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांत बंदीच घातली आहे. विमा एजंटचं काम कायदेशीर आहे, काही जण त्यात उत्तम कमावतात. फक्त ते कमिशनचं काम आहे, पगाराची नोकरी नव्हे. जाहिरातीत ‘बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह’ असं भारदस्त नाव असलं तरी फरक पडत नाही. महिन्याला ठरलेली रक्कम किती, एवढा एकच प्रश्न फोनवर विचारला की अर्ध्या जाहिराती गळतात.

ऋतुजाला मी विचारलं, “या यादीतल्या प्रत्येक ठिकाणी माल कोण विकत घेणार?” ती थांबली. मग म्हणाली, “लोक.” फक्त सॉफ्टवेअरवाल्याकडे लोक नव्हते, कंपन्या होत्या. तिला जे हवं होतं, म्हणजे एका कंपनीचा माल दुसऱ्या कंपनीला विकण्याचं काम, ते यादीत जेमतेम एकदा आलं होतं. बाकीचे अर्ज ‘सेल्स’ हा एक शब्द बघून केलेले. मग नकार आले तर नवल काय?

वडिलांची काळजी वेगळी होती आणि त्यांनी ती आडपडदा न ठेवता मांडली. “मॅडम, पोरगी दारोदार हिंडणार का? रात्री-बेरात्री घरी येणार का?” काही समुपदेशक असं कोणी म्हटलं की लगेच समानतेवर व्याख्यान देतात. मला ते पटत नाही, बापाने विचारलेला प्रश्न कामाच्या वेळेचा आहे, त्याला उत्तरही वेळेचंच हवं. काही सेल्सच्या नोकऱ्यांत फिरती असतेच. पण कंपन्यांना विकणाऱ्या ठिकाणी नवख्या माणसाला सुरुवातीला बहुधा ऑफिसातच बसवतात. इनसाइड सेल्स, सेल्स कोऑर्डिनेटर, सेल्स सपोर्ट अशी पदं असतात. ग्राहकांच्या याद्या करायच्या, फोन करायचे, वरिष्ठाची भेट ठरवून द्यायची, कोटेशन पाठवायचं आणि त्याचा पाठपुरावा करायचा. कारखान्यांचे पर्चेस (खरेदी) विभागही साधारण ऑफिसच्या वेळेतच भेटतात. “फिरती किती, गाडी कोणाची, परत यायला किती वाजतील, हे मुलाखतीत विचारा,” असं मी दोघांनाही सांगितलं. विचारलं म्हणून कोणी नोकरी नाकारत नाही.

मग मी तिचा बायोडेटा वाचला. तळाशी एक ओळ होती: ‘डेटा एन्ट्री ऑपरेटर, हंगामी, द्राक्ष पॅकहाउस, दोन सीझन.’ पॅकहाउस म्हणजे निर्यातीचा माल निवडून खोक्यांत भरायची जागा.

“तिथे काय करायचीस?”

“काही नाही मॅडम, कॉम्प्युटरवर नोंदी.”

“कसल्या?”

आणि मग पाऊण तास ती बोलत राहिली. निर्यातीची द्राक्षं पाचशे ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डब्यात भरतात, दहा पनेट म्हणजे पाच किलोचा खोका. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी आटोपली की पॅकहाउस खोक्यांच्या भावाची बोलणी सुरू करतं, कारण जानेवारीत माल सुरू झाल्यावर खोका कमी पडला तर गाडी उभी राहते. मालकांनी दुसऱ्या सीझनला ते काम हळूहळू तिच्यावरच सोपवलं होतं. खोकेवाल्यांना फोन करणं, तीन जणांची कोटेशनं एका तक्त्यात मांडणं, पी.ओ. (खरेदीची लेखी ऑर्डर) बनवणं, गाडी आली की कागदाचा जीएसएम, म्हणजे जाडी-वजन, ऑर्डरप्रमाणे आहे का ते बघणं, ओलसर बंडल परत पाठवणं, हे सगळं ती करत होती. २०२४ च्या हंगामात लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली आणि माल जास्त दिवस कंटेनरमध्ये राहायला लागला. कोल्ड स्टोरेजच्या दमट हवेत पुठ्ठा नरम पडतो, खालच्या थरातले खोके दबून बसतात. तेव्हा जाड कागदाचा खोका घ्यायचा का, यावर पुरवठादारांशी झालेल्या बैठकीला ती हजर होती. नोंदी ठेवायला! पण हजर होती.

हे तिला सांगावं लागलं की ती पॅकहाउसमध्ये विक्रीच्याच व्यवहारात होती, फक्त टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत. किती सेल्समन येऊन गेले, कोणाला तिने बाहेर बसवून ठेवलं, कोणाचा फोन पहिल्या रिंगला उचलला आणि का, हे तिला तोंडपाठ होतं. नव्या सेल्समनला हे कळायला उन्हाळे-पावसाळे जातात. खोका वापरणारा सुपरवायझर वेगळा, भाव पाडून मागणारा पर्चेसवाला वेगळा, नमुना नापास करणारा क्वालिटीवाला वेगळा आणि पैसे सोडणारा अकाउंट्सवाला वेगळा. यातला एक जरी दुखावला तरी ऑर्डर अडकते. घरोघरी विकण्यात एका माणसाचा होकार पुरतो, इथे चौघांची मर्जी सांभाळायची असते, आणि त्यातले दोघे तर सेल्समनला कधी भेटतही नाहीत.

बायोडेटा आम्ही नव्याने लिहिला. ‘डेटा एन्ट्री’ काढून टाकलं आणि जे खरं ते लिहिलं: पॅकेजिंग मालाची खरेदी समन्वयक, कोटेशनची तुलना, ऑर्डर, आवक तपासणी, पुरवठादारांचा पाठपुरावा. एक शब्दही फुगवला नाही. हुद्दा अधिकृत नव्हता म्हणून तो कंसात ‘हंगामी’ असाच ठेवला आणि मालकांना आधी फोन करून विचारलं, कोणी चौकशी केली तर हे सांगाल ना? ते हसत हो म्हणाले. असं विचारून ठेवावं. कंपन्या जुन्या ठिकाणी फोन करतात.

दुसरं काम यादीचं. नोकरीच्या साइटवर ‘सेल्स फ्रेशर नाशिक’ टाइप करणं बंद. पॅकहाउसला कोण काय विकतं ते तिने एका एक्सेल शीटमध्ये मांडलं. खोके, पनेट, पॅलेट, पट्ट्या, लेबलं, द्राक्षं सडू नयेत म्हणून खोक्यात ठेवायचे ग्रेप गार्ड पेपर, वजनकाटे, कोल्ड रूमची यंत्रं, वाहतूक. दोन संध्याकाळींत चाळीसेक नावं झाली आणि त्यातल्या अनेक कंपन्यांचे प्रतिनिधी तिच्या मोबाइलमध्ये आधीच होते. एचआरला मेल पाठवण्याआधी तिने त्यांनाच फोन केले. “साहेब, पॅकहाउसमधून ऋतुजा बोलतेय. आता ऑर्डर द्यायला नाही, सल्ला विचारायला फोन केलाय.” नोकरी मागायची नाही, तुमच्याकडे नवीन माणूस कधी घेतात आणि कोण ठरवतं एवढंच विचारायचं, असं आमचं ठरलं होतं. बहुतेक जण नीट बोलले. कालपर्यंत ज्या मुलीच्या टेबलापुढे थांबत होतो तिच्याशी माणूस एकदम तुटकपणे बोलत नाही, शिवाय उद्या ती पुन्हा कुठल्या पर्चेसमध्ये बसेल सांगता येत नाही.

इंग्रजीची भीती मोठी होती. इथे मला थोडं स्पष्ट बोलायचंय. बहुराष्ट्रीय कंपनीचं सॉफ्टवेअर विकायचं तर इंग्रजी अस्खलित लागतं, त्यात तडजोड चालत नाही. पण नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पर्चेसवाल्याशी बोलणं मराठी-हिंदीतच होतं. इंग्रजी लागतं ते मेलला, आणि ते मेल फिरून फिरून तेच असतात: कोटेशन जोडलंय, नमुना पाठवलाय, तारीख कळवा, पैसे कधी सोडताय. असे सात-आठ मेल तिने स्वतः लिहून माझ्याकडून तपासून घेतले. हबस्पॉट अकॅडमीचा सेल्सचा फुकट ऑनलाइन कोर्सही केला. प्रमाणपत्राने नोकरी मिळते असं मी मुळीच म्हणणार नाही, पण लीड (संभाव्य ग्राहक), फॉलो-अप, पाइपलाइन (चालू असलेल्या सौद्यांची यादी) हे शब्द मुलाखतीत पहिल्यांदा कानावर पडू नयेत एवढा उपयोग होतो.

मुलाखत आली ती अंबडच्या एका खोके बनवणाऱ्या कंपनीची. जुन्या प्रतिनिधीनेच साहेबांच्या कानावर घातलं होतं. सुदैवाने तिथे कोणी ‘हे पेन विकून दाखवा’ म्हटलं नाही. सेल्स मॅनेजरने विचारलं, “आमचा खोका बाजारापेक्षा दोन रुपयांनी महाग आहे. कसा विकशील?” ऋतुजाने उलट विचारलं, “सर, तुमचा खोका कोल्ड स्टोरेजमध्ये किती दिवस टिकतो ते कोणी मोजलंय का?” मोजलं होतं. मग ती म्हणाली, “मग पॅकहाउसला भावावर बोलायचंच नाही. मागच्या सीझनला किती खोके बसले ते आधी विचारायचं. तो आकडा त्यांना माहीत असतो, पण सांगायला लाज वाटते.” पुढे उधारीचा विषय निघाला. छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, हा नियम २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यातला आहे. पण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून उशीर केला तर त्या वर्षी आयकरात तो खर्च धरता येत नाही, म्हणून मार्चमध्ये अकाउंट्सवाल्यांची धांदल उडते, हे तिने पॅकहाउसमध्ये डोळ्यांनी बघितलं होतं. ते तिने सांगितलं. मॅनेजर खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागले, असं ती म्हणाली.

ऑफर लेटर घेऊन ती पुन्हा आली आणि हा भाग मी कोणालाच चुकवू देत नाही. महिना सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा तिचा एकूण खर्च, चोवीस हजार. त्यात चार हजार ‘व्हेरिएबल’, म्हणजे टार्गेट झालं तर. मालकाच्या हिश्शाचा पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी विमा) त्याच चोवीस हजारांत धरलेले. तिचा हिस्साही कापून हातात साडेपंधरा हजारांच्या आसपास येणार होते. महाराष्ट्रात महिलांना पंचवीस हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, तेवढीच बचत. वडिलांचा चेहरा पडला. त्यांनी चोवीस ऐकले होते. मी तिला तीन गोष्टी विचारून यायला सांगितलं. इन्सेंटिव्ह ऑर्डर आल्यावर मिळतो की माल गेल्यावर की पैसे जमा झाल्यावर? टार्गेट पहिल्या महिन्यापासून की शिकाऊ काळ संपल्यावर? आणि मध्येच सोडलं तर पैसे भरायला लावणारा बाँड आहे का? उत्तरं आली: पैसे जमा झाल्यावर, चौथ्या महिन्यापासून, बाँड नाही. पगार वाढवून मिळाला नाही. तरी तिने नोकरी घेतली आणि मलाही तेच बरोबर वाटलं, कारण शिकाऊ काळात टार्गेट नसणं ही नवख्यासाठी हजार-दोन हजारांपेक्षा मोठी सवलत आहे.

सगळ्यांनी पॅकहाउसमध्ये काम केलेलं नसतं, हे उघड आहे. पण मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर उभा राहिलेला मुलगा स्टॉकिस्ट आणि कंपन्यांचे प्रतिनिधी ओळखतो. इलेक्ट्रिकलच्या दुकानात वर्षभर राबलेल्याला कुठल्या ठेकेदाराला कुठली केबल लागते ते ठाऊक असतं. कोणाचे वडील चाकणला मशीनवर असतात आणि घरात कूलंट, टूल, इन्सर्ट हे शब्द रोजचे असतात. अगदीच काही नसेल तर आधी सहा महिने एखाद्या वितरकाकडे बिलिंगला बसा, असं मी सांगते. पोस्ट लहान वाटते, पण कोण किती घेतं, कधी घेतं आणि पैसे कोण बुडवतं हे तिथल्या बिलांत दिसतं.

ऋतुजाचं पुढे काय? पहिला हंगाम बरा गेला. जुन्या पॅकहाउसने तिच्याकडूनच खोके घेतले, भाव मात्र पै-पै घासून. मग एप्रिल संपला, द्राक्षं संपली आणि टार्गेट तिथेच राहिलं. आता ती औषध कंपन्या, स्विचगिअर, दिंडोरीकडच्या वायनरी अशी नवी यादी करतेय. इथे तिला कोणी ओळखत नाही. परवा फोनवर वैतागली होती. अंबडच्या एका कारखान्यात पर्चेसवाला दर वेळी “मेल पाठवा” म्हणतो आणि मेलला उत्तर देत नाही.

मी विचारलं, “पॅकहाउसमध्ये तू स्वतः असे मेल कधी उघडायचीस?”

“जुन्या खोकेवाल्याने गाडी वेळेत पाठवली नाही की,” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तिचाच मेसेज आला. त्या कारखान्याच्या स्टोअर्समधल्या माणसाचा नंबर तिने मिळवला होता. सध्याच्या खोक्यांची गाडी कुठल्या वारी येते आणि किती वेळा चुकते, ते ती आधी त्याच्याकडून काढून घेणार होती.