मफलरमधून माल येतोय, बोल्ट आवळून काय होणार?

प्रश्न : आमच्या रंगाच्या कारखान्यात टोल्युइनमधलं (पटकन पेट घेणारं द्रावक) रेझिन उचलायला हवेवर चालणारा एक इंची डबल डायफ्रॅम पंप आहे, म्हणजे दोन लवचिक पडद्यांनी माल ढकलणारा. दर सोमवारी मॅनिफोल्डच्या (माल आत-बाहेर नेणाऱ्या नळाच्या) जोडातून थेंब पडायचे. बोल्ट आवळले की थांबायचे. गेल्या महिन्यात स्टोअरमध्ये टेफ्लॉनचे डायफ्रॅम नव्हते, म्हणून काळे सँटोप्रीनचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) बसवले. आता मफलरमधून रेझिन येतंय. बोल्ट आवळूनही थांबत नाही. काय करावं?
– एक वाचक, लोटे (जि. रत्नागिरी)

उत्तर : आधी पंप बंद करा. मफलर ही हवा बाहेर पडायची जागा. तिथून माल येतोय म्हणजे डायफ्रॅम फाटलाय, आणि तुमच्या शेडमध्ये टोल्युइनची वाफ भरतेय. मला खरी काळजी त्याची वाटते.

हवेचा कॉक बंद करून होज काढा, डिलिव्हरीचं प्रेशर सोडा, आतला माल काढून घ्या आणि मगच कव्हर खोला. जुना डायफ्रॅम लगेच भंगारात टाकू नका. तसल्याच नव्या कोऱ्या डायफ्रॅमवर ठेवून बघा. तो मोठा झालेला, बोटाला लिबलिबीत लागेल, असा माझा अंदाज आहे. सँटोप्रीनच्या पोटात ईपीडीएम रबर असतं आणि टोल्युइनमध्ये ते फुगतं. तुमच्या मालाला टेफ्लॉनच हवं. नसेल तर पंप थांबवून ठेवा, पण दुसरं काही बसवू नका.

फुगलेला नसेल, तर चीर कुठे आहे ते बघा. तळोज्याला असताना आमचा एक पंप दर पंधरा दिवसांनी डायफ्रॅम खायचा. आम्ही मुकाट्याने बदलत राहिलो. शेवटी एका जुन्या फिटरने फाटलेले चार तुकडे बाकावर ओळीने मांडले. चारही, डायफ्रॅमला मधोमध धरणाऱ्या प्लेटच्या कडेला, गोल कापल्यासारखे फाटले होते. वरच्या टाकीतून माल जोरात आत येत होता आणि हवा ७ बारवर होती. रेग्युलेटर ४ बारवर आणला, सक्शनचा व्हॉल्व्ह थोडा आवळला, आणि तो त्रास संपला.

दोन्ही डायफ्रॅम एकदमच बदला. दोन्ही बाजूंना आलटून-पालटून हवा सोडणारा एअर व्हॉल्व्हही खोला. रेझिन तिथवर गेलं असेल तर आतली सीलं चिकटलेली सापडतील.

आता सोमवारची गळती. टेफ्लॉन दाबाखाली हळूहळू सरकतं. सुट्टीत पंप गार पडला की बोल्ट सैल होतात. म्हणून नवीन बसवल्यावर थोडा वेळ चालवा, बंद करून गार होऊ द्या, मग समोरासमोरचे बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळा. आकडा कंपनीच्या पुस्तकातलाच धरा. बॉडी प्लास्टिकची असेल तर अंदाजाने ताणू नका, चीर जाते. टेफ्लॉनचं वेष्टण असलेल्या ओ-रिंग एकदा दबल्या की दुसऱ्यांदा वापरू नका.

सगळं जोडल्यावर कमी हवेवर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करून बघा. पंप थबकला पाहिजे आणि मफलर गप्प. हिस्स्स चालूच राहिलं, तर एअर व्हॉल्व्हचं किंवा शाफ्टचं सील गेलंय. हवा सोडण्याआधी अर्थिंगची वायर बॉडीला परत घट्ट लागलीय ना, हे स्वतः बघा.

जुन्या डायफ्रॅमचा फोटो पाठवाल का? चीर कुठे आहे ते मला बघायचंय.