सहा फुटी फिश टँकला किती लिटरचा पंप घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की टँक ६ बाय २ बाय २ फुटी आहे, खाली कपाटात सम्प (टँकचं पाणी उतरून गाळलं जातं ती खालची टाकी) आहे आणि दुकानदार ताशी ८००० लिटरचा पंप घ्या म्हणतोय. घेऊ नका.

मी निपाणी-सदलगा भागात दूधगंगेवरच्या उसाच्या मोटारी बसवतो, रिवाइंडिंगही करतो. आमच्याकडं शेतकरी मोटार घ्यायला आला की आधी हेडचं, म्हणजे पाणी चढवायच्या उंचीचं बोलणं होतं. नदीतलं पाणी किती फूट वर चढवायचं आणि पाईपलाईन किती लांब, हे कळल्याशिवाय कोणी पैसे काढत नाही. फिश टँकवाले मात्र खोक्यावरचा लिटरचा आकडा बघतात आणि घरी जातात. तो आकडा हेड शून्य असतानाचा असतो. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात कमाल उंची लिहिलेली असते. त्या उंचीला पंप एक थेंबही देत नाही. तुमचं पाणी सम्पमधून साधारण ५ फूट चढणार, म्हणजे दीड मीटर. ३ मीटर कमाल उंचीचा पंप तिथं छापील आकड्याच्या निम्मं, फार तर दोन तृतीयांश पाणी देईल. एल्बो आणि बारीक पाईप त्यातलंही खातात.

हे सगळं मी आमच्या दाजींना सांगितलं होतं. दाजी बेळगावात शहापूरला राहतात. त्यांनी तुमच्याच मापाचा टँक केला आणि पंप ८००० चाच आणला. मी म्हटलं, "दाजी, वर चढवताय तेवढं खाली उतरायला वाट कुठाय?" ओव्हरफ्लोला, म्हणजे टँकमधलं जास्तीचं पाणी सम्पमध्ये उतरायला, एकच इंची पाईप होता. त्यातून आवाज न करता ताशी सव्वादोन हजार लिटरच्या आसपास उतरतं, त्यापुढं पाईप हवा ओढतो आणि गुरगुरतो. दाजी पाहुण्यांसमोर म्हणाले, "तू उसाला पाणी पाजणारा माणूस, हॉलमधल्या माशांचं तुला काय कळतंय?" अक्का गप्प बसली. मीही गप्प बसलो.

पाणी काठाला येऊ लागलं तेव्हा त्यांनी पंप पाणी ओढतो त्या तोंडाला स्पंज कोंबून सक्शन दाबलं. सक्शन कधी दाबायचं नसतं, पंप उपाशी राहून खडखडतो आणि इम्पेलर (आतला पाणी ढकलणारा पंखा) लवकर जातो. व्हॉल्व्ह डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या बाजूला लावायचा. डिलिव्हरी आवळली की अशा पंख्याच्या (सेंट्रिफ्युगल) पंपाचा लोड कमी होतो, वाढत नाही. दाजींना हे आजही पटत नाही. वर त्यांनी तळातली घाण हलावी म्हणून रिटर्नचं, म्हणजे पंपाचं पाणी टँकमध्ये परत नेणाऱ्या पाईपचं तोंड पाण्याखाली सहा इंच सोडलं.

मे महिन्यात वळीव आला, रात्री लाईट गेली. पंप थांबला की रिटर्नचा पाईप उलटा सायफन होतो, म्हणजे टँकचं पाणी आपोआप खाली ओढतो, आणि तोंड उघडं पडेपर्यंत टँकमधलं पाणी खाली येत राहतं. तुमच्या टँकची एक इंच पातळी म्हणजे २८ लिटर. सहा इंच म्हणजे जवळजवळ १७०. सम्प शंभर लिटरचा, तोही अर्ध्याच्या वर भरलेला. सकाळी हॉलभर पाणी, गालिचा गेला, कपाटाचं प्लाय फुगलं. आणि दाजी सगळ्या भावकीत सांगत फिरले की पाईप फुटला. पाईप फुटला नव्हता. तो पाईप मी स्वतः हातात घेऊन बघितलाय.

आता तुमचं. टँक ६८० लिटरचा दिसतो, पण खडी-दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी सहाशेच्या आसपास. ते तासाला चार-पाच वेळा फिरलं की पुरे, म्हणजे वर पोचलेलं पाणी अडीच ते तीन हजार लिटर. त्याला ५००० छापलेला, ३ मीटर किंवा जास्त उंचीचा पंप घ्या. त्याहून बरं म्हणजे निम्म्या ताकदीचे, पण तेवढ्याच उंचीचे दोन पंप, प्रत्येकाला वेगळा पाईप; एक जळाला तरी मासे जगतात. पाईप पंपाच्या डिलिव्हरीच्या तोंडाहून बारीक नको. उतरायला दीड इंची पाईप ठेवा आणि शेजारी एक रिकामा, अडचणीसाठी. रिटर्नच्या पाईपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली छोटं भोक पाडा, पातळी तिथवर आली की हवा शिरून सायफन तुटतो. नॉनरिटर्न व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) भरवसा ठेवू नका, शेवाळ नाहीतर गोगलगाय अडकली की तो बसत नाही. शिवाय १०० वॉटचा पंप अखंड चालला की महिन्याला ७२ युनिट होतात, तेही धरा.

हे गोड्या पाण्याचं. खाऱ्या पाण्यात प्रवाह कितीतरी जास्त लागतो, पण तो टँकमधल्या वेव्हमेकरने (आतच पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंपाने) करायचा, रिटर्न पंप वाढवून नव्हे. आणि डिस्कस किंवा एंजल मासे ठेवणार असाल तर रिटर्नला भोकाभोकांचा आडवा पाईप लावून धार पसरवा, त्यांना ओढ सोसत नाही.

टँक भरला त्याच दिवशी, समोर उभं राहून, पंपाचा प्लग काढा. वरून उतरलेल्या पाण्याने सम्पची पातळी काठाच्या चार बोटं खाली थांबली पाहिजे. त्याच्या वर चढली तर जास्तीचं पाणी काढा, पंप पुन्हा चालू करा आणि चालू असताना सम्पमध्ये जी पातळी दिसेल तिथं मार्करने रेघ मारा. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की टॉपअप करताना, म्हणजे उडून गेलेलं पाणी भरताना, त्या रेघेच्या वर पाणी घालायचं नाही.